अमेरिकेशी संबंध संपल्याबद्दल

५ नोव्हेंबर. मुंबईहून परत.

आजपासून अमेरिका बंद.

व्हिसाच्या खिडकीत कृपापेक्षाही लहान पोरगी होती. चहा निवायच्या आत तिनं माझा पासपोर्ट काचेखालून परत सरकवला. तिनं विचारलं, कशाला जाताय. मी नीट सांगितलं. मुलगी कृपा तिकडं नोकरीला आहे, नात रूथ दीड वर्षाची झाली, अजून तिला मांडीवर घेतलेलं नाही. इथं थांबलो असतो तरी चाललं असतं, पण माहिती पूर्ण द्यावी या मताचा मी आहे. म्हणून पुढं सांगितलं, मी शिरूरच्या आमच्या चर्चचा क्वायर मास्टर आहे, कृपाच्या चर्चमध्ये दर रविवारी क्वायर घेईन, ते लोक पाकीट देतीलच, तशी रीत आहे. हे ऐकल्यावर ती टाइप करायला लागली. चांगलं चाललंय असं मला वाटलं.

मग विचारलं, परत कधी येणार. मी म्हणालो, प्रभूची इच्छा असेल तेव्हा. आमच्यात कुणीही हेच म्हणेल, छातीठोक तारीख सांगणं म्हणजे गर्व. तिनं परत विचारलं. मी परत तेच सांगितलं, जरा आवाज चढवून, आणि वर बोट दाखवलं. वर कॅमेरा होता.

शेवटी तिला इतिहास सांगायला घेतला. तुमचे मिशनरी शिरूरला आले तेव्हा आम्ही त्यांना काही विचारलं का? बोटीतून उतरले, बैलगाडीत बसले, घोडनदीकाठी बंगला बांधला. परत कधी जाणार असं कुणी म्हणालं नाही. काहीजण तर गेलेच नाहीत, सिमेट्रीत आहेत, त्यांच्यावरचं गवत दर वर्षी मीच काढून घेतो. एवढं होईपर्यंत माझ्या मागचा माणूस खिडकीशी आला होता.

किळस आली. दयाबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जेवलात का. तीस वर्षांच्या संसारात या बाईला राजकारण काही कळलं नाही.

६ नोव्हेंबर. सकाळ.

बहिष्कार सुरू. कोला बंद. मी पीत नव्हतोच, त्यामुळं पहिल्याच दिवशी मोठं यश. टूथपेस्ट अमेरिकन निघाली. राखुंडी आणली. हिरडीतून रक्त आलं, पण ते स्वाभिमानाचं.

व्हॉट्सअ‍ॅप सोडतोय असा मेसेज सगळ्या ग्रुपवर टाकला. लोक काय म्हणतात ते बघायला थांबलोय.

व्हिडिओ कॉलही बंद. कृपा रोज सकाळी दयाबाई धार काढत असते तेव्हा फोन करते, तिकडं तेव्हा रूथची झोपायची वेळ असते. आतापर्यंत फोन वाजला की मी गोठ्यात जाऊन बसायचो. आज ओट्यावर बसलो, पाठ करून. दयाबाईनं फोन गव्हाणीला टेकवला आणि दोघी बोलत बसल्या. मला सगळं ऐकू येत होतं, पण मी ऐकत नव्हतो.

९ नोव्हेंबर. रविवार.

हद्द झाली. आधी माझा देह अडवला, आता आवाज.

माझ्या आजोबांनी एक पाळणा लिहिला होता. चाल मिशनच्या मडमेनं पेटीवर शिकवलेली, तीही अमेरिकेची. मी तो ऑगस्टमध्ये रेकॉर्ड करून चर्चच्या चॅनेलवर टाकला. मागं पियानो आहे. तो जॉन्सननं, म्हणजे माझ्या भाच्यानं, कुठल्याशा अमेरिकन बाईच्या अल्बममधून घेतला. तेव्हा तो म्हणत होता, मामा, परवानगी लागंल. मी म्हणालो, डाउनलोडचं बटण आहे म्हणजे परवानगीच आहे, आणि देवाच्या कामाला परवानगी कसली.

रूथ रोज तो पाळणा ऐकून झोपायची. कृपाचा फोन आला, आता तिकडं तो उघडत नाही. 'कॉपीराइटच्या कारणास्तव आपल्या देशात उपलब्ध नाही.' इथं निमोणे रस्त्यावरच्या आमच्या घरी मला स्वच्छ दिसतो. मी मलाच दिसून काय उपयोग आहे.

चाल त्यांनीच आणली, म्हणा म्हणून त्यांनीच शिकवलं, आणि म्हटलं तर आमचं आहे म्हणतात. असल्या देशाबद्दल माणसाला प्रेम कसं वाटावं?

१० नोव्हेंबर.

व्हिडिओवाल्या कंपनीला हरकत पाठवली. चार पानं, इंग्रजीत. रांजणगावच्या कंपनीत स्टोअर सांभाळताना माझं ड्राफ्टिंग सगळ्यांना माहीत होतं. मिशनचा इतिहास, आजोबांचं चरित्र, व्हिसाच्या खिडकीतला अपमान, सगळं घातलं. पियानोबद्दल लिहिलं नाही, मुद्दा तो नाही.

अशा पत्रानंतर ते माफी मागतील. माफी स्वीकारायची की नाही ते ठरवलेलं नाही.

१४ नोव्हेंबर.

हरकत फेटाळली. दोन ओळी. त्यात माफी नाही.

१८ नोव्हेंबर.

शेजारचा बिरदेव मक्याची कणसं घेऊन आला. मी म्हणालो, अमेरिकन स्वीट कॉर्न या घरात चालणार नाही. तो निम्मी परत घेऊन गेला. निम्मी दयाबाईनं आधीच उकडायला टाकली होती. टाकून देणं पाप, म्हणून खाल्ली.

बिरदेवच्या बाकीच्या मक्यात अळी पडली आहे. कृषी खात्याचा माणूस म्हणाला, अमेरिकन लष्करी अळी. मी बिरदेवला विचारलं, हिला कुणी मुलाखतीला बोलावलं होतं का? परत कधी जाणार म्हणून विचारलं का? बिरदेव म्हणाला, "आमचा बा मेंढरं घिऊन कोकणापतूर जायचा मास्तर, त्याला बी कवा कुणी इचारलं न्हाई. आता हितनं निमोण्याला गेलं तरी फॉरेस्टवाला कागद मागतुय." त्याला जागतिक प्रश्न समजत नाही, पण माणूस मनाचा चांगला आहे.

२३ नोव्हेंबर. दौंड.

तालुक्यांच्या क्वायरची बैठक. एसटीत पूर्ण रस्ता भाषण पाठ केलं. ठराव मांडला: या नाताळपासून एकही अमेरिकन चाल म्हणायची नाही. सन्नाटा. लोक भारावले होते.

मग दौंडच्या क्वायरचे शांतवन सर उठले आणि गीतांचं पुस्तक घेऊन पेन्सिलीनं एकेक गाणं खोडत बसले. हे अमेरिकन, हेही, हेही. सरतेशेवटी कापणीचं एक आणि मयताची दोन राहिली. एका बाईनं विचारलं, मग नाताळात मयताचं म्हणायचं का. लोक हसले. बहिष्कारात हसण्यासारखं काही नसतं.

मी म्हणालो, आपल्या मातीतली भजनं म्हणू. टाळ माझ्याच हातात दिले. मी हार्मनीचा माणूस. टाळ वेगळं शास्त्र आहे.

मग शांतवन सरांनी जुनं काढलं. दौंडच्या क्वायरनं एकदा माझ्या आजोबांचा पाळणा न विचारता म्हटला होता, तेव्हा मी पाळकसाहेबांकडं तक्रार करून त्यांना भरसभेत माफी मागायला लावली होती. आता कॉपीराइटच्या नावानं का ओरडता, असं त्यांचं म्हणणं. ते वेगळं होतं. ते कॉपीराइट नव्हतं, ते आमचं घराणं होतं. हे सांगितलं तरी हसले.

दौंडचा वीट आला. ठराव पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब, म्हणजे तत्त्वतः मंजूर.

३० नोव्हेंबर. सकाळ.

ओट्यावर बसलो होतो, पाठ करून. गोठ्यातून रूथचा आवाज आला. 'हम्मा, हम्मा.' म्हैस दिसली की असं म्हणते म्हणे. दयाबाईनं तिला विचारलं, आजोबा कुठं हायत? रूथ परत 'हम्मा' म्हणाली. कृपा म्हणाली, आई, विसरली ती बहुतेक, पाळणा बंद झाल्यापासून.

तूच इकडं येशील का, असं मी दयाबाईला सांगून कृपाला अजून एकदा विचारून घेतलं. ती म्हणाली, तिच्या कंपनीनंच सांगितलंय, देशाबाहेर पडलात तर परत आत यायची हमी नाही. म्हणजे ती येऊ शकत नाही, मी जाऊ शकत नाही, आणि गाणं मधल्या मधे अडकलंय.

राग येतो. रागच आहे तो, दुसरं काही नाही.

२ डिसेंबर.

जॉन्सन म्हणतो, मामा, पियानो काढून टाका आन् नुसता आवाज टाका, कुणी अडवणार न्हाई. मी त्याला बजावलं, नुसत्या आवाजात गायला मी काय गोठ्यात बसलोय? क्वायर मास्टर आहे मी. शिवाय पियानो काढला तर त्यांचं खरं होतं, असा अर्थ निघेल.

माझी वेगळी योजना आहे. तोच व्हिडिओ दुसऱ्या नावानं टाकायचा. अमेरिकन माणसाला मराठी नाव काय कळतंय.

६ डिसेंबर.

कळलं. पुन्हा बंद.

८ डिसेंबर.

या वेळी चित्र उलटं केलं, माझा डावा हात उजवीकडं आला. सुरुवातीला मिशनच्या इतिहासावर छोटं प्रवचनही घातलं, म्हणजे तपासणारं यंत्र कंटाळून पुढं बघणार नाही. डोकं लागतं.

१२ डिसेंबर.

आख्खं चॅनेल बंद केलं.

त्यात चर्चचे सगळे जुने नाताळ होते. दोन म्हाताऱ्यांच्या विश्वासाच्या साक्षी होत्या, त्या आता हयात नाहीत. जॉन्सनचा साखरपुडाही होता. संध्याकाळी सराव ठेवला होता, कुणी आलं नाही. जॉन्सननं फक्त कीबोर्ड न्यायला माणूस पाठवला. पाळकसाहेब म्हणाले, यंदा नाताळात तुम्ही विश्रांती घ्या मास्तर.

अमेरिकेनं आमच्यात फूट पाडली. इतिहासात हे सगळीकडं असंच झालेलं आहे.

२५ डिसेंबर.

तिसऱ्या बाकावर बसलो. सगळी गाणी अमेरिकन चालीची. तोंड मिटून बसायचं ठरवलं होतं, पण बासच्या ओळी फार कच्च्या होत्या, म्हणून थोडी मदत केली. पुढच्या बाईनं मागं वळून पाहिलं.

२८ डिसेंबर.

कृपा म्हणते, आईला पाठवून बघू. पासपोर्ट दोघांचे एकदमच काढले होते. पहिल्यांदा मी एकटाच मुलाखतीला गेलो तो विचार करून, मी जाऊन सगळं बघून आलो की मग ती. फॉर्म कृपानंच तिकडून भरलाय, तारीखही मिळाली.

मी हरकत घेतली नाही. तिलाही नाकारतील. मग आपल्या अपमानाची तिला जाणीव होईल आणि घरात एकमतानं बहिष्कार चालेल. सध्या ती माझ्या पाठीमागं टूथपेस्ट वापरते, वास येतो.

७ जानेवारी. मुंबई, मग परत.

दयाबाईला उत्तरं पाठ करायला जेमतेम दहा दिवस मिळाले. मिशनचं साल, पहिल्या साहेबाचं नाव, बंगल्याची जागा. ती भाकऱ्या थापत हूं हूं करायची.

ती आत गेली, मी बाहेर रस्त्यावर. ती रिकाम्या हातानं बाहेर आली. पासपोर्टही काढून घेतला! मी तिथल्या तिथं निषेध करणार होतो. घोषणा तयार होती. ती म्हणाली, "वरडू नगा. ठिवून घेतला म्हंजी मिळाला. छापून देत्यात."

बसमध्ये विचारलं, इतिहास कुठवर सांगितलास. तिनं सांगितलाच नव्हता. मराठी बोलणारा माणूस मध्ये होता. परत कधी येणार विचारल्यावर ही म्हणाली, "म्हस एका हाताची हाय. दुसऱ्या कुणाला पान्हा सोडत न्हाई. ईस्टरच्या आत न्हाई आले तर आटंल." खिडकीतल्या बाईनं विचारलं म्हणे, तोवर धार कोण काढणार. दयाबाई म्हणाली, आमचे हे. यावर ती बाई हसली आणि व्हिसा दिला.

माझ्या शंभर वर्षांच्या इतिहासाला नाही म्हणाले आणि म्हशीच्या सडाला हो म्हणाले. या देशाची लायकी एवढीच.

चाकण आलं. मग ती म्हणाली, "तुमचं नाव सांगते रूथला." मी खिडकीबाहेर बघत होतो. डोळ्यांत धूळ गेली.

२० जानेवारी.

दयाबाई गेली. बॅगेत डिंकाचे लाडू, रूथला झबलं, आणि जुनं गीतांचं पुस्तक. विमानतळावर मी तिला ठामपणे सांगितलं, तिथं कुणापुढं वाकू नकोस. ती म्हणाली, पेंड भिजत घातलीय, उशीर करू नका.

रांजणगावला आख्खं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला एक म्हैस जड नाही. वेळापत्रक भिंतीला लावलं.

२१ जानेवारी. सकाळ.

म्हशीनं वेळापत्रक पाळलं नाही. चरवी रिकामी. उजवी मांडी काळीनिळी.

२२ जानेवारी.

डावीही.

२४ जानेवारी.

म्हशीला आवाज चढवून सांगितलं. तिनं शेपटी तोंडावर मारली. शेपटी ओली होती. कशानं ते लिहीत नाही. इतकी शिसारी मला व्हिसाच्या खिडकीतही आली नव्हती.

बिरदेव म्हणतो, "वैनीचं पातळ अंगावर घ्या मास्तर. वासानं फसती." मी साफ नकार दिला. मी तत्त्वाचा माणूस आहे.

२५ जानेवारी.

पातळ घेतलं. उभी राहिली, लाथ मारली नाही. पण पान्हा सोडला नाही. दूध आटलं तर दयाबाईचं खिडकीतलं बोलणं खोटं पडेल, आणि उद्या परत तिला कोण व्हिसा देईल. याचा विचार करून झोप लागत नाही.

२७ जानेवारी.

फोनवर विचारलं, व्हॉट्सअ‍ॅपवरच, नाइलाज. दयाबाई म्हणाली, मी धार काढताना हळू पाळणा म्हणते की, तुम्हाला ठावं न्हाई व्हय? मला ठावं नव्हतं. एवढी वर्षं फोन वाजेपर्यंत मी ओट्यावर पेपर वाचत होतो.

पातळ डोक्यावरून घेतलं, खाली बसलो, आजोबांचा पाळणा म्हटला. पियानो नाही, काही नाही. दुसऱ्या कडव्याला पान्हा सोडला. चरवी भरली. मी का कोण जाणे चारही कडवी म्हटली.

वर बघतो तर बिरदेव फोन धरून उभा. त्याचं मेंढरांचं चॅनेल आहे, त्यावर टाकतो म्हणाला. मी मनाई केली. त्यानं आधीच टाकलं होतं.

३० जानेवारी.

अडवलं नाही! अमेरिकेत दिसतंय. कृपानं कळवलं, रूथ तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला लावते, आणि तो ऐकून झोपते. म्हणजे शेवटी ते नमले. जॉन्सनचा मेसेज आला, 'बघा मामा.' त्याचा अर्थ मला लागला नाही.

लोक पातळाबद्दल बोलतात. बोलू देत. माझा आवाज त्यांच्या सरहद्दीवरून कागदाशिवाय गेला. बहिष्काराचा हा विजय आहे आणि विजय झाल्यावर बहिष्कार थोडा सैल करायला हरकत नसते. उद्या रूथशी व्हिडिओ कॉल. मी स्वतः.

रूथला काय सांगायचं ते लिहून काढलं. थोडक्यात. इतिहास नंतर.

३१ जानेवारी. सकाळ.

दाढी केली. टूथपेस्टनंच दात घासले, आजच्या दिवस. चर्चचा कोट घातला, त्यावर पातळ घ्यावं लागलं कारण धारेची वेळ तीच. बिरदेवला फोन धरायला उभा केला.

पडद्यावर दयाबाई आली. तिच्या मांडीवर रूथ. केस कृपासारखे. लहानपणी कृपा अशीच एक हात तोंडात घालून बसायची. मी म्हणालो, रूथ, मी आजोबा. तिनं माझ्याकडं बघितलं. मग मान इकडं केली, तिकडं केली, माझ्या कोटावरून काहीतरी शोधत राहिली. मी अजून पुढं सरकलो, म्हणजे चेहरा नीट दिसावा. तिचं तोंड वाकडं झालं. 'हम्मा' म्हणाली आणि रडायला लागली.

मी पाळणा सुरू केला. आणखी रडली.

दयाबाई म्हणाली, "अहो, जरा बाजूला व्हा. तिला म्हस दिसंना."

मी बाजूला झालो. कुठं उभं राहावं ते कळेना, गोठा अरुंद. म्हशीच्या पलीकडं गेलो आणि तिथून गायलो. रडणं थांबलं. दुसऱ्या कडव्याला पान्हा सुटला, चौथ्याला बिरदेव हळूच म्हणाला, झोपली, मास्तर.

फार गोड दिसत होती म्हणाला झोपल्यावर. मला दिसलं नाही, मी म्हशीच्या मागं होतो.